नौपाड्यातले खाके छापून देणारे दुकान

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस, नौपाड्यात, गोखले रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत भरतकामाचे नमुने खाक्यावरून, म्हणजे रेघांवर छिद्रे पाडलेल्या कागदावरून, कापडावर छापून देणारे हे दुकान आहे. दुकान कसले, इमारतीच्या जिन्यालगतची एक खोली. पुढे लाकडी फळी, मागे लोखंडी मांडणी आणि मांडणीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या बटर पेपरच्या सुरळ्या. इथे आपण नेलेला नमुना छापून मिळतो, तसाच त्यांच्या साठ्यातला जुना नमुनाही निवडता येतो. कापड, दोरे, सुया आणि लाकडी रिंगा विक्रीला आहेत, पण त्यांच्यासाठी मुद्दाम इथवर यावे असे त्यात काही नाही. घरातल्या जुन्या नमुन्यांवरून उशांचे अभ्रे, तोरणे, मखराचे पडदे किंवा आकाशकंदील करू पाहणाऱ्यांनी मात्र एकदा तरी ही पायरी चढावी, कारण कोणता नमुना कोणत्या कापडावर आणि कोणत्या वस्तूवर शोभेल, याची पारख छापण्याआधी करणारा माणूस इथे बसतो. छपाई बरी-वाईट कुठेही होते. ही पारख मला ठाण्यात अन्यत्र मिळालेली नाही.

जुने नमुने बहुतेक घरांत रुखवताच्या निमित्ताने आलेले असतात. साठ-सत्तरच्या दशकांत लग्न झालेल्या बायकांच्या ट्रंकेत टेबलक्लॉथ, रेडिओवरचे आच्छादन, ताटावरचे रुमाल आणि त्यांच्या जोडीला घड्या पडून पिवळे झालेले कागद सापडतात. त्या कागदांवर राघू-मैना, कमळातला हंस, कोयऱ्यांची वेल आणि 'सुस्वागतम्' ही अक्षरे असतात. आणि हमखास असते ती घेरदार झग्यातली, मोठी टोपी घातलेली, हातात छत्री किंवा फुलांची परडी घेतलेली मड्डम. ही मड्डम मूळची इंग्लंडची. 1930 च्या दशकात तिथल्या मेजावरच्या रुमालांवर आणि चहाच्या किटलीवर घालायच्या टोप्यांवर तिचेच राज्य होते. तिची टोपी इतकी पुढे ओढलेली असते की चेहरा दिसतच नाही, आणि हौशी भरणारीला चेहऱ्याइतके अवघड दुसरे काही नसते. तिच्या लोकप्रियतेचे निम्मे गमक यातच असावे.

असे नमुने त्या काळी इस्त्रीने उमटणाऱ्या कागदांवर मिळत. मँचेस्टरच्या विल्यम ब्रिग्ज कंपनीचे असे कागद 19व्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रसिद्ध होते. कागदावर शाईची जाडसर, बोटाला लागेल अशी रेघ असे. कागद कापडावर पालथा घालून गरम इस्त्री दाबली की शाई वितळून कापडावर उतरे. आज हाती आलेल्या अशा कागदाला इस्त्री लावून पाहण्यात फारसा अर्थ नाही. शाई जुनी झालेली असते, एक रेघ उमटते तर चार उमटत नाहीत, आणि मूळ कागद मात्र भाजून निघतो. या दुकानातले काका असा कागद पाहिला की आधी तो उजेडाकडे धरतात आणि सांगतात, "ताई, याला इस्त्री दाखवू नका. मी खाका टोचून देतो, कागद तुमचा तुमच्याकडे राहू द्या."

खाका टोचण्याची आणि छापण्याची त्यांची पद्धत जुनीच आहे, आणि ती फळीशी उभे राहून पाहण्यासारखी आहे. मूळ नमुन्यावर बटर पेपर ठेवून तो पेन्सिलीने उतरवला जातो. मग घोंगडीच्या जाड घडीवर तो कागद ठेवून लाकडी मुठीत बसवलेल्या सुईने रेघेवरून छिद्रे पाडली जातात. सरळ रेघेवर थोडी विरळ, वळणावर आणि टोकांशी अगदी दाट. टोचून झाल्यावर कागद पालथा करून त्यावरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवतात. सुईमुळे छिद्राच्या कडेला कागदाचे जे खवले उभे राहतात ते यामुळे निघून जातात आणि छिद्र पुन्हा बुजत नाही. नंतर इस्त्री केलेले कापड फळीवर ताणून त्यावर खाका ठेवायचा, कोपऱ्यांवर वजने ठेवायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ चिंधीच्या बोळ्याने खाक्यावरून फिरवायची. रॉकेल उडून जाते आणि कापडावर निळे ठिपके राहतात. गडद कापडासाठी निळीऐवजी झिंक ऑक्साइडची पांढरी पूड वापरतात. शहरात आता रॉकेल सहज मिळत नसल्याने पुष्कळदा रंगवाल्यांकडचे टर्पेंटाइन वापरले जाते, असे काकांनी सांगितले.

सगळे कसब बोळ्याच्या ओलेपणात आहे. बोळा जास्त भिजलेला असेल तर द्रव छिद्रातून झिरपून ठिपके पसरतात आणि पाकळीची कड फुगते. फार कोरडा असेल तर अर्धी रेघ उमटतच नाही. काका बोळा पिळून झाल्यावर तो आधी शेजारच्या वर्तमानपत्रावर दाबून पाहतात, आणि तिथे निळा चट्टा पडला नाही, फक्त सावलीसारखी छटा उमटली, तरच कापडाकडे वळतात. हात एकाच दिशेने जातो, घासत मागे येत नाही. मग खाक्याचा एक कोपरा उचलून डोकावतात. राहिलेली जागा दिसली तर तेवढ्यापुरता बोळा पुन्हा टेकवतात. त्यांच्याकडून आणलेल्या कापडावर कुठेही दुहेरी रेघ दिसलेली नाही, ती या डोकावण्यामुळेच.

घरच्या घरी नमुना उतरवण्याची साधने आता पुष्कळ आली आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. पाण्याने जाणारे निळे पेन छोट्या कामाला चांगले आहे, पण धुण्याआधी चुकून इस्त्री फिरली तर त्याची रेघ पक्की होऊन बसते. हवेने आपोआप पुसले जाणारे जांभळे पेन ठाण्याच्या पावसाळ्यात कामाचे नाही, कारण दमट हवेत ती शाई अधिकच लवकर उडते आणि दुसरी पाकळी भरायला घेईपर्यंत तिसरी गायब झालेली असते. इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी शाई थंडीत परत उमटते असे म्हणतात ते खरे आहे, पण त्यासाठी शून्याखालचे तापमान लागते, तेव्हा अभ्रा फ्रीजरमध्ये ठेवण्याची हौस नसेल तर ठाणेकरांना ती काळजी नाही. पाण्यात विरघळणारे चिकट कागद सर्वांत सोयीचे आहेत; नमुना त्यावर छापायचा, कागद कापडाला चिकटवायचा, त्यावरूनच भरायचे आणि शेवटी कागद धुऊन टाकायचा. मात्र ते महाग पडतात, एकदाच वापरता येतात आणि मोठ्या पडद्यासारख्या कामाला परवडत नाहीत. टोचलेला खाका या सगळ्यांच्या तुलनेत कष्टाचा असला तरी एकदा केला की वर्षानुवर्षे चालतो, आणि एकाच नमुन्याचे अनेक नग करायचे असतील तर त्याच्यापुढे दुसरे काही टिकत नाही. संक्रांतीच्या वाणासाठी आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एकाच लहानशा कोयरीच्या खाक्यावरून बटवे छापून घेतले होते, तेव्हा खाक्याची मजुरी सगळ्यांत वाटली जाऊन छपाईचा खर्च अगदीच किरकोळ आला.

आता पारखीविषयी. मड्डमचा मूळ नमुना वीतभर उंचीचा होता आणि मला तो दिवाणावरच्या मोठ्या चौकोनी उशीसाठी हवा होता. कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात ए4 चा ए3 करून मिळतो. त्यात लांबी-रुंदी 141 टक्के होते आणि क्षेत्रफळ दुप्पट. कागदावर ते सुरेख दिसते. काकांनी मात्र मोठा केलेला कागद पाहून पट्टी मागितली आणि झग्याच्या झालरीची रुंदी मोजली. मूळ नमुन्यात सुमारे एक सेंटिमीटर असलेली झालर आता जवळजवळ दीड सेंटिमीटर झाली होती. एवढ्या रुंदीवर सॅटिन टाका, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जाणारा टाका, घातला तर दोरा सैल पडतो, बसता-उठता त्यात बांगडी अडकते आणि दोन धुण्यांत झालर विस्कटते. त्यांनी सुचवले की झालरीला आखूड-लांब टाका घालावा किंवा तिच्या मध्यातून आणखी एक रेघ काढून तिचे दोन पट्टे करावेत. बाह्यरेषांना दोन पदरांऐवजी तीन पदर घ्यावेत, म्हणजे मोठ्या आकारात रेघ किडकिडीत दिसणार नाही. आणि परडीतली फुले वाढवू नयेत, मूळ मापाचीच ठेवावीत, कारण गाठीच्या टाक्यांनी भरायची फुले मोठी केली की त्यांच्यात फटी दिसतात. खाका त्यांनी याप्रमाणे दोन मापांत जोडून टोचला. उशी तयार झाल्यावर आकार वाढवलेला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोऱ्याचा हिशेबही त्यांनी आधीच सांगितला होता. बाजारात मिळणारी अँकरची लडी सहा पदरी आणि 8 मीटर लांबीची असते. क्षेत्रफळ दुप्पट झाले आणि वर पदरही वाढवले तर लडी दुपटीपेक्षा जास्त लागणार, तेव्हा झग्याचा रंग एकदमच घेऊन ठेवा, पुन्हा आणायला गेल्यावर छटा जुळेलच असे नाही.

दुसरा प्रसंग त्यांनी छपाई नाकारल्याचा आहे, आणि दुकानदार म्हणून त्यांचा प्रामाणिकपणा मला तिथे दिसला. माझ्याकडे कसुतीच्या गोपुराचा आणि तुळशीवृंदावनाचा जुना नमुना होता. कसुती हे धारवाडकडचे भरतकाम इरकली साड्यांवर पूर्वापार होत आले आहे. त्यातला गवंती टाका म्हणजे एकदा पुढे जाणारा आणि त्याच वाटेने परत येणारा धावदोरा. गाठ मारायची नाही, त्यामुळे कापडाची दोन्ही अंगे सारखी दिसतात. मी तो नमुना साध्या पॉपलिनवर छापून मागितला. काका म्हणाले, "हे छापून घेऊन काय करणार ताई? हे धागे मोजून भरायचं काम आहे. माझा ठिपका एकीकडे पडेल आणि तुमचा धागा दुसरीकडे असेल." म्हणणे बरोबर होते. कसुती उभ्या-आडव्या धाग्यांवर बेतलेली असते, आणि तिची तिरकी रेघसुद्धा मोजलेल्या धाग्यांवरूनच जाते. टोचलेल्या खाक्याचे ठिपके विणीशी जुळणे शक्य नाही. त्यांनी मॅटीचे, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा विणीचे कापड घ्यायला सांगितले आणि छपाईचे पैसे सोडले. नमुना चौकटीच्या वहीत उतरवून मी तो मॅटीवर मोजून भरला, आणि त्याची मेजावर घालायची लांबट पट्टी झाली.

दिवाळीच्या कामांत तोरण सर्वांत सोपे आणि आकाशकंदील सर्वांत कठीण. तोरणावर समोरासमोर तोंड केलेले दोन मोर हवे असतील तर दोन खाके लागत नाहीत. टोचलेला कागद उलटा केला की तोच मोर दुसरीकडे पाहू लागतो; अट एवढीच, की उलटण्याआधी त्यावरची नीळ कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घेतली पाहिजे, नाहीतर खालची बाजू कापडावर डाग पाडते. इस्त्रीच्या कागदांना ही सोय नव्हती. ते पालथे घालायचे असल्याने नमुना मुळातच उलटा छापलेला असे, आणि म्हणूनच अशा जुन्या कागदावरची इंग्रजी 'वेलकम'ची अक्षरे आरशात पाहावी लागतात. तसा कागद कुणी खाक्यासाठी आणला तर काका छापताना बाजू न चुकता बदलतात. 'सुस्वागतम्' उलटे छापले गेल्याची एक गोष्ट ते हसत सांगतात, दुकान मात्र दुसऱ्याचे असते.

आकाशकंदिलाला मी छाया-भरत करायचे ठरवले होते, म्हणजे ऑर्गंडीसारख्या पारदर्शक कापडाच्या उलट बाजूने हेरिंगबोन टाका घालायचा, जेणेकरून सुलट बाजूला आकाराच्या दोन्ही कडांना बारीक टीप दिसते आणि मधल्या भागात मागच्या दोऱ्यांची फिकट छाया पडते. जुन्या टेबलक्लॉथांवर हे काम पुष्कळ आढळते आणि कंदिलासाठी ते विचार करूनच केल्यासारखे वाटते, कारण आत दिवा लागला की ती छाया गडद होते. अडचण अशी, की हेरिंगबोन दोन कडांमध्ये ये-जा करतो, त्यामुळे आकार अरुंद हवेत. पाकळी रुंद असेल तर मागचे दोरे लोंबू लागतात. मी नेलेल्या नमुन्यात मोठे कमळ होते. काकांनी कमळ बाजूला ठेवून त्याच कागदाच्या कडेला असलेली बारीक पानांची वेल उचलली, ती चार वेळा फिरवून एका चौकोनात बसवली आणि पानांच्या आतल्या शिरा खाक्यात टोचल्याच नाहीत, कारण छाया-भरतात त्या भरायच्या नसतात. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, ती भरताना फार उपयोगी पडली: कंदिलात दिवा मागून असतो, तेव्हा मागे सोडलेला दोऱ्याचा प्रत्येक शेपूट आणि प्रत्येक गाठ बाहेरून दिसते. उशीच्या अभ्र्यामागे एका पानावरून दुसऱ्या पानावर दोरा ओढत नेला तर कुणाला कळत नाही. कंदिलात तो लोंबत्या तारेसारखा दिसतो. प्रत्येक पानाचा दोरा त्या पानाच्या कडेच्या टाक्यांतच दडवून तिथेच कापावा लागतो. कामट्यांच्या सांगाड्यावर ताणून, आत फार न तापणारा एलईडी दिवा लावून तयार झालेला हा कंदील संध्याकाळी गॅलरीत लावला, तेव्हा दिवसा जवळजवळ कोऱ्या दिसणाऱ्या कापडावर वेल उमटली. वर्षभर तो घडी न घालता, सांगाड्यावरून काढून सुरळी करून ठेवावा लागतो, कारण ऑर्गंडीची घडी इस्त्रीनेही सहज जात नाही.

गणपती-गौरींच्या सजावटीसाठी आता कापडाकडे वळणारी घरे वाढली आहेत. राज्यात 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे मखराच्या मागे भरतकाम केलेला पडदा असतो. त्याच्यासाठी मी जुन्या वहीतली चैत्रांगणाची चित्रे दिली होती: शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मे, चंद्र-सूर्य, फणी-करंडा. रांगोळीची ही चित्रे रेघेची असल्याने दांडी टाक्यात आणि साखळी टाक्यात झटपट होतात, आणि प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्याने घरातल्या चार जणी एकाच वेळी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बसू शकतात. काकांनी प्रत्येकाचा सुटा खाका केला, पडदा फळीवर पसरून ते खाके आधी नुसतेच मांडून दाखवले आणि गौरीच्या मुखवट्यांमागे येणारी मधली जागा मोकळी ठेवायला लावली, कारण तिथले काम हार आणि शालूमागे झाकलेच जाते. भाद्रपदातल्या गौरींच्या मागे चैत्रातली रांगोळी कशी, असे आमच्याकडे विचारले गेलेच. पण पडद्यासमोर उभे राहून हळदीकुंकवाला आलेल्यांनी एकेक चित्र ओळखण्याचा जो खेळ केला, त्याने तो प्रश्न मागे पडला.

नाताळासाठीही हे दुकान उपयोगी आहे. तलावपाळीजवळच्या चर्चमुळे आणि आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे जुन्या ठाण्याला नाताळ परका नाही, आणि काकांच्या साठ्यात घंटा, हॉलीची पाने, मेणबत्त्या असे नमुने आहेत. त्यांना सर्वांत शोभते ते फक्त लाल दोऱ्याने, फक्त बाह्यरेषेत केलेले काम. युरोप-अमेरिकेत 19व्या शतकाच्या अखेरीस या कामाची लाट आली, ती मंजिष्ठाच्या जातीच्या मुळापासून काढलेल्या आणि पुढे रासायनिक अलिझरिनपासून बनलेल्या पक्क्या तांबड्या रंगामुळे; हा लाल दोरा धुतल्यावर पांढऱ्या कापडावर रंग सोडत नाही, असा भरवसा त्याने मिळवला होता. आजच्या प्रत्येक लाल दोऱ्यावर तो भरवसा ठेवता येत नाही. भरायला बसण्याआधी लडीचे टोक ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून पाहावे. याच दुकानातून घेतलेल्या एका स्वस्त लडीने, जिच्यावर धड छाप नव्हता, माझ्या पांढऱ्या केसमेंटच्या सुती कापडावर गुलाबी छटा सोडली होती. म्हणूनच वर म्हटले, की दोऱ्यांसाठी इथे येऊ नये. उन्हाकडच्या मांडणीत ठेवलेल्या लड्यांची बाहेरची घडी विटलेली असते आणि एका क्रमांकाच्या दोन लड्यांची छटा जुळत नाही. दोरे जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा ओळखीच्या दुकानातून, चांगल्या कंपनीचेच घ्यावेत.

उणिवा आणखीही आहेत. छापून आणलेल्या कापडाला रॉकेलचा किंवा टर्पेंटाइनचा वास येतो, आणि पावसाळ्यात तो पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही पुरता जात नाही. ज्यांना या वासाने डोके दुखते त्यांनी छपाई थंडीत किंवा उन्हाळ्यात करून घ्यावी. गडद कापडावरची पांढरी छपाई कच्ची असते. हाताळता हाताळता पूड झडते आणि भरणे लांबले तर रेघ उरत नाही. काळ्या खणावर छापलेली नथ भरताना मला ती पांढऱ्या पेन्सिलीने वेळोवेळी गिरवावी लागली. हे दुकानदारांनी आपणहून सांगायला हवे होते. काम झाल्यावर कापड कसे धुवायचे, याचीही लेखी सूचना मिळत नाही. निळीचे ठिपके साबणाच्या गार पाण्यात जातात, पण त्याआधी कापडाला इस्त्री करू नये, एवढे दोन ओळींचे चिटोरे दिले तर नवख्यांचे नुकसान टळेल. पावती मिळत नाही. वहीत नाव आणि तारीख लिहिली जाते. श्रावण सुरू झाला की गर्दी इतकी होते की काका नवे खाके घेत नाहीत, फक्त साठ्यातले छापतात, आणि तेव्हा वर वर्णिलेली पारख करायला त्यांना सवडही नसते. गौरींसाठी काम करायचे असेल तर आषाढातच जावे, शक्यतो दुपारी. गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही; गल्लीत ती लावता येत नाही आणि स्थानकावरून चालत जाणेच सोपे पडते.

दर मला वाजवी वाटतात. मी गेले तेव्हा नव्या खाक्याची मजुरी नमुन्याच्या दाटीप्रमाणे दीडशेपासून चारशे रुपयांपर्यंत होती, आणि खाका तयार असल्यावर एका अभ्र्याच्या छपाईला चाळीस रुपये. मड्डमच्या खाक्याला सर्वाधिक पैसे पडले, पण त्यात दोन मापांची जोडणी होती. मोबाइलवरून पैसे देता येतात.

जुने नमुने विकत घेण्याविषयी थोडे. मी एका विक्रेत्याकडून 'दुर्मीळ नमुन्यां'ची फाइल विकत घेतली होती. ती धूसर निघाली आणि तिच्यातली बरीच पाने इंटरनेटवर फुकट उपलब्ध असलेल्या जुन्या पुस्तकांतली होती. अशा जुन्या साहित्याला पैसे मोजण्याआधी शोध घ्यावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो. तेरेझ द दिल्माँ यांचा भरतकामाचा प्रसिद्ध कोश 1886 चा आहे आणि त्या 1890 मध्ये वारल्या, तेव्हा त्यातली नक्षी कुणीही वापरावी. याउलट गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या मासिकातला नमुना घरच्या उशीवर भरणे वेगळे आणि त्याच्या वस्तू करून प्रदर्शनात विकणे वेगळे. काका स्वतः यात पडत नाहीत. जो नमुना आणाल तो छापतात. विक्रीचा विचार असणाऱ्यांनी हे आपले आपण पाहून घ्यावे.

कोऱ्या कापडापेक्षा आधी धुऊन आटवलेले कापड नेले तर ते खुश असतात. मांजरपाट आणि केसमेंट दोन्ही पहिल्या धुण्यात आटतात, आणि भरल्यानंतर आटले तर नक्षीभोवती चुण्या पडतात. कापड कडक इस्त्री करून, घडी न घालता गुंडाळून न्यावे.

शेवटची गोष्ट खाक्याच्या मालकीची. मजुरी आपण दिली तरी खाका दुकानातच राहतो, असा त्यांचा रिवाज आहे. आपण पुन्हा गेल्यावर ते तो काढून छापतात, आणि इतर कुणी मागितल्यास तिलाही छापून देतात. माझी याला हरकत नाही, उलट साठ्यातल्या किती तरी चांगल्या नमुन्यांचा लाभ मलाही असाच झाला आहे. पण घरचा खास नमुना असेल, आजीने स्वतः काढलेला असेल, तर काम देतानाच खाका परत हवा असे सांगावे आणि ते वहीत लिहून घ्यावे. ते थोडे जास्त पैसे घेतात आणि खाका पुठ्ठ्याच्या नळीत घालून देतात. घरी तो त्याच नळीत ठेवावा. बटर पेपरला एकदा घडी पडली की त्या घडीवरची छिद्रे फाटतात आणि छापताना नेमकी तिथे निळी रेघ उमटते.